समुद्रावरून आलेलं इंजिन

परवाच्या बैठकीत बोटीच्या इंजिनाचा विषय पुन्हा निघाला. अध्यक्ष लिंबाजीराव सतरंजीची घडी बोटाने सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या बारीला मॅडम म्हणतील ते घेऊ." मागच्या बारीला मी काय म्हणाले होते आणि आम्ही काय घेतलं होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते इंजिन आता संस्थेच्या शेडमध्ये पोत्याखाली पडलं आहे. ते चालवणारे गोरोबातात्या नाहीत.

मी या मच्छीमार संस्थेची सचिव. मला मासे धरता येत नाहीत आणि पोहता येत नाही. वेळेवर बर्फ मागवणं, टेम्पो थांबवून धरणं आणि बैठकीत आवाज चढले की सगळ्यांना खाली बसवणं, एवढं येतं. तात्यांबद्दल गावात आता दोन तऱ्हेने बोललं जातं. काही जण नाव काढलं की हात जोडतात, काही जण हळूच म्हणतात, लई हेकट माणूस. मी त्यांना रोज पाहिलं आहे. दोन्ही बोलणी मला अर्धवट वाटतात.

आमचं गाव ईट गावाच्या बाजूला, माळावर. भूमच्या बाजाराला जाणारा माणूस वर्षातले आठ महिने धुळीतून जातो. अशा ठिकाणी हा तलाव आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी पलीकडच्या काठावरच्या म्हशी इकडून शेळ्यांएवढ्या दिसतात. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर येतात. विहिरीत सूर मारणारे आमच्याकडे घरोघर सापडतील, पण लाट कशाला म्हणतात हे ठाऊक असलेला माणूस विरळा. आमचे सभासद पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. थर्माकोलच्या तराफ्यावर पालथं पडायचं आणि हातांनी पाणी मारत जाळ्यापर्यंत जायचं, ही त्यांची पद्धत. सरकारी योजनेतून फायबरची बोट आणि तिच्या मागच्या फळीला अडकवायचं छोटं इंजिन आलं, तेव्हा त्यांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. इंजिनाच्या आवाजाने मासे पळतात, असं त्यांचं म्हणणं. पण पलीकडच्या काठावरचा माल उन्हं चढायच्या आत अलीकडे आणायचा तर बोट पाहिजे. माल निवडणाऱ्या बायांची ने-आणही तिच्यातूनच व्हायची.

आधीचा चालवणारा पुण्याला कामाला गेला, तेव्हा लिंबाजीराव म्हणाले, "ड्रायव्हर बघा कुणी." गावात ड्रायव्हर होतेच. गोरोबातात्या एस.टी.तून नुकते निवृत्त झालेले. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पण तात्या पोरवयातच गाडीवर क्लीनर म्हणून लागले, पुढे एस.टी.त आणि आयुष्यभर स्टिअरिंगमागे. एकही अपघात केला नाही म्हणून मिळालेला बिल्ला खाकी शर्टावर लावून ते निवृत्तीनंतरही बाजारात फिरायचे. बोट चालवायला गाडीचा ड्रायव्हर कशाला, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. इंजिन आहे, पेट्रोल आहे, माणसं बसतात, म्हणजे गाडीच.

पहिल्या दिवशी ते खाकी कपड्यात, हातात काठी घेऊन आले. बसचे टायर वाजवून बघतात तशी बोटीच्या चारी बाजूंनी काठी वाजवली. मग आत चढले, इंजिनापाशी बसले, दांडा धरला, मूठ पिळून बघितली आणि पायाखाली शोधू लागले.

"ह्याला ब्रेक कुठाय?"

काठावर हशा पिकला. नामदेव म्हणून आमचा एक सभासद आहे, पाण्यातला सगळ्यात सराईत माणूस. तो म्हणाला, "तात्या, पाण्यात कसला आलाय ब्रेक?"

"मग थांबवायची कशी?"

"रेस कमी करायची. आपसूक थांबती."

"आपसूक म्हंजे तिच्या मर्जीनं का माझ्या?"

नामदेव हसतच राहिला. तात्या हसले नाहीत. उतरून त्यांनी पाण्यात हात घातला, ओला हात बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "ड्युटी किती वाजता?"

मला ते कंट्रोलर म्हणत. बसस्टँडवर गाड्या सोडणारा कंट्रोलर असतो, तसा. "ओ कंट्रोलर, गाडी सोडू का?" असं विचारल्याशिवाय त्यांनी काठ कधी सोडला नाही. मी शेडमध्ये फोनवर असले तर सगळी बोट भरून थांबलेली असायची. बाया वैतागायच्या. नामदेवची बायको सखू तर तोंडाने फटकळच.

"अवो तात्या, सोडा की. त्या मॅडम काय घरी जेवायला घालणार हायत का?"

"चालकाशी बोलू नये," तात्या बोटाने दाखवायचे. हे वाक्य त्यांनी पत्र्यावर रंगवून आणलं होतं आणि बोटीच्या कडेला तारेने बांधलं होतं. शिवाय जुन्या बसचा एक भोंगा बॅटरीला जोडला होता. पाण्यावर आडवं कोण येणार? बगळे. तेवढ्यासाठी ते भोंगा वाजवायचे आणि बगळे उडेपर्यंत पुढे जायचे नाहीत.

गमतीशीर होते, असं हे वाचून वाटेल. होतेही. पण त्यांचा उजवा पाय मी पाहिला होता. बोट काठाला लागताना, बगळा दिसला की, कोणी वाकून हात पाण्यात घातला की तो पाय फळी दाबायचा. टाच रोवून, पंजा खाली. खाली काही नव्हतं, तरी दाबायचा. तिथला फायबरचा रंग वर्षभरात निघून गेला. नामदेवने एकदा ते दाखवून चेष्टा केली, तेव्हा तात्या म्हणाले, "नामदेवा, येरमाळ्याच्या घाटात वासरू आडवं आलं तवा बशीत साठ माणसं व्हती. ह्या पायानं थांबवली. ह्या पायाला सांगू नको पाण्यात काय नसतं म्हणून."

छोट्या इंजिनाने त्यांचा हा पाय खपवून घेतला. त्याला वेगच नव्हता. मूठ एकदम सोडली तरी बोट थोडी डुलायची आणि थांबायची.

एका वैशाखात, दुपार कलताना, पश्चिमेकडून वारं उठलं. आमच्याकडे उन्हाळ्यात असं वारं येतं. आधी झाडाचं पान हलत नाही, मग माळावर तांबडी भिंत दिसते आणि ती दिसल्यावर फार वेळ मिळत नाही. तात्या बायांना घेऊन पलीकडून निघाले होते. मी काठावरून बघत होते. पाणी आधी काळं झालं, मग त्यावर पांढरे तुरे आले. इंजिन ओरडत होतं आणि बोट जागच्या जागी असल्यासारखी दिसत होती. ती काठाला लागली तेव्हा सगळ्या बाया भिजून गेल्या होत्या. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी रडत होतं. सखू तेवढी उतरता उतरता म्हणाली, "तात्या, तिकिटाचं पैसं परत द्या." सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या.

तात्या उतरले नाहीत. त्यांची मूठ इंजिनाच्या दांड्यावरून निघेना. नामदेवने एकेक बोट सोडवलं.

तेव्हापासून ते दुपारी आभाळाकडे बघायला लागले. बोलता बोलता मान पश्चिमेला जायची. जेवतानाही तोंड तिकडे करून बसायचे. संस्थेने आणलेली, बुडू न देणारी केशरी जाकिटं बायांना सक्तीने घालायला लावायचे. स्वतः मात्र अंगात नुसतं अडकवायचे, पट्टे मोकळे. पट्टा लावला की छातीत गुदमरतं म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात छोटं इंजिन गेलं. पाण्याखालच्या खोडावर आपटलं आणि आतला दांडाच वाकला. दुरुस्तीत अर्थ नाही, असं बार्शीच्या मिस्त्रीने सांगितलं. बदली इंजिन घ्यायचं ठरलं.

मी काम नीट केलं. बोटीच्या आतल्या बाजूला, बसायच्या फळीखाली, बनवणाऱ्याने एक पत्र्याची पाटी ठोकलेली आहे. किती माणसं, किती वजन, इंजिन जास्तीत जास्त किती ताकदीचं. ती घासून वाचली. पंधरा हॉर्सपॉवर. जुनं इंजिन आठचं होतं. मी फोन करून चौकशा केल्या आणि बैठकीत सांगितलं, दहाचं नवीन घ्यावं. वजनाला हलकं, तात्यांच्या हाताला झेपेल असं, वाऱ्यातही आठच्यापेक्षा बरं.

लिंबाजीराव म्हणाले, "मॅडम, विहिरीवर तीनची मोटर पुरती. आपण किती बसवतो?"

"पाच," दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"का?"

"लाइट कमी आली तरी वढती."

"हां. मग पाण्यावर बोट वढायचीय तर कमी कशापायी?"

मी सांगितलं की विहिरीवरची मोटर जमिनीवर असते, तिच्या वजनाने विहीर बुडत नाही. हे म्हणताना मला वाटलं होतं पटेल. माणसं हसली. विहीर बुडते, ही कल्पना त्यांना आवडली.

त्यातच कोणीतरी कोकणातल्या एका जुन्या इंजिनाची बातमी आणली. खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीचं, तीस हॉर्सपॉवरचं. मालकाने बोट मोठी केली म्हणून काढलेलं. समुद्र म्हटल्यावर बैठकीचा सूरच बदलला. आमच्या लोकांनी समुद्र टीव्हीवर पाहिला आहे, नाहीतर मुंबईला गेल्यावर एकदा. ज्या इंजिनाने समुद्र कापला त्याला आमचा तलाव म्हणजे काय?

"हौदातलं पाणी," लिंबाजीराव म्हणाले.

तात्या कोपऱ्यात बसले होते. चालक म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "वाऱ्याच्या म्होरं पळंल का?"

"वाऱ्याच्या बापाच्या म्होरं."

"मग तेच घ्या."

पाटीवरचा पंधराचा आकडा सांगून मी विरोध नोंदवला. बाकीच्यांचे हात वर गेले.

इंजिन पिकअपमधून आलं. सोबत परेश नावाचा मेकॅनिक होता, समुद्रकाठचा, शांत आणि कमी बोलणारा. इंजिन उतरवायला चार माणसं लागली. त्याच्या खाचांमध्ये अजून मीठ होतं. तात्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि आजूबाजूच्यांना चाखायला दिलं. लग्नातल्या नवऱ्या मुलाभोवती असतात तशी माणसं त्याच्याभोवती उभी होती. परेशने बोट बघितली, बोटीची मागची फळी बघितली, आणि काही बोलायला तोंड उघडणार तोच लिंबाजीरावांनी नारळ फोडला. हळद, कुंकू, हार. इंजिनाला वरून खाली पाणी घातलं. मग सगळ्यांनी मिळून ते फळीला अडकवलं. बोटीचं पुढचं टोक हळूहळू वर आलं आणि मागची कड पाण्याच्या इतकी जवळ गेली की मला वाटलं कोणीतरी आता ओरडेल.

"नाक वर काढलं!" माणसं खूश झाली. "घोडं हाय घोडं!"

परेशने तात्यांना शेजारी बसवून शिकवलं. ते मी काठावरून ऐकलं, कारण तो मुद्दाम मोठ्याने सांगत होता. "काका, ही मूठ एकदम सोडायची नाही. बोट थांबते, पण तिने मागे उठवलेली लाट थांबत नाही. ती मागून येते आणि वर चढते. हळूहळू कमी करा. लाटेला बाजूने जाऊ द्या."

"समजलं," तात्या म्हणाले.

त्यांनी करून दाखवलं. पुन्हा पुन्हा, अगदी सांगितल्यासारखं. बोट पाण्यावरून फाडत जात होती. तात्यांचा चेहरा मी तेवढा मोकळा कधी पाहिला नव्हता. परत येताना काठाजवळ एक म्हैस पोहत आडवी आली. लांब होती, वळवून घेता आली असती. तात्यांचा पाय फळीवर दाबला गेला आणि त्याच क्षणी मूठ सुटली. बोट बसली. मागून पाण्याची एक गुळगुळीत रास आली, घाई न करता इंजिनावरून चढली आणि आत उतरली. दोघं गुडघ्यापर्यंत पाण्यात. काठ हाताशी होता म्हणून नामदेवने दोरी ओढून बोट वर घेतली.

हशा, शिट्ट्या. "तात्या, म्हशीला तिकीट दिलं का?" वगैरे.

परेश हसला नाही. पॅन्ट पिळत तो माझ्याकडे आला. "मॅडम, मी विकायला आलोय, तरी सांगतो. हे इंजिन या बोटीला जड आहे. आणि हे काका पायाने चालवतात. मी परत घेऊन जातो. माझ्या मालकाशी मी बोलेन."

मी लिंबाजीरावांना तिथल्या तिथे बाजूला घेतलं. ते ऐकत होते, पण नजर हारावर होती. "नारळ फुटला की, मॅडम."

"नारळ मी भरून देते."

"तसं न्हाय. नारळ फुटल्यालं यंत्र माघारी देत न्हाईत. ट्रॅक्टर असो, गिरणी असो. देणाऱ्याच्या घरात बी इडापिडा येती आन्‌ घेणाऱ्याच्या बी. त्या पोरालाच विचारा, त्याच्या मालकाला चालंल का?"

परेशला विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडेही तसंच मानतात." पिकअप रिकामा परत गेला.

त्यानंतर माझ्या हातात जे होतं ते केलं. बोटीच्या पुढच्या टोकाला वाळूची पोती ठेवली, म्हणजे मागचा भार थोडा तोलला जाईल. बायांची ने-आण मी या बोटीतून बंद केली. त्या तलावाच्या कडेने चालत जाऊ लागल्या आणि मला शिव्या देऊ लागल्या. बोट फक्त मालासाठी. तात्यांना हे लागलं. प्रवाशांशिवाय गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने डेपोत उभी गाडी. तरी त्यांनी भांडण केलं नाही. नियम म्हटल्यावर ते गप्प बसत.

एकदा शेडमध्ये दोघंच होतो, तेव्हा मी सरळ विचारलं. "तात्या, तुम्हाला पोहता येतं का?"

"कंट्रोलर, एस.टी.च्या ड्रायव्हरला उडता येतं का? तरी घाटात गाडी घालतोच की."

"चेष्टा नको. तुम्ही म्हणालात तर समिती ऐकेल. हे शेडमध्ये ठेवू. दहाचं नवीन आणू."

ते कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याला टेकले. मग म्हणाले, "बशीत माणसं माझ्या पाठीमागं असायची. सगळी नोकरी. घाट असो, रात असो, त्यांची तोंडं मला दिसत न्हवती. नुस्ता आवाज. इथं मी मागं बसतो आन्‌ बाया माझ्याकडं तोंड करून. त्या दिशी वारं उठलं तवा लाटा त्यांच्या पाठीला व्हत्या. त्या पाण्याकडं बघतच न्हवत्या. माझ्याकडं बघत व्हत्या. मी घाबरलोय का, हे बघत व्हत्या."

"मग?"

"मग काय. मी घाबरलो व्हतो. आन्‌ इंजिन नुस्तं बोंबलत व्हतं." त्यांनी पोत्यावरची वाळू झटकली. "तसं परत व्हायला नगं. पळणारं पायजे. लहान आणू नका, बाई."

एवढ्या दिवसांत त्यांनी मला बाई तेवढं एकदाच म्हटलं. त्यांच्यापुढे मी तो विषय पुन्हा काढला नाही. समितीत मात्र दोन वेळा पुन्हा विषय काढला. दोन्ही वेळा पुढच्या बैठकीवर गेला.

उन्हाळा आला. पाणी ओसरलं, बाभळी दिसू लागल्या. तात्यांनी खोडांच्या जागा नामदेवकडून माहीत करून घेतल्या होत्या आणि त्या वाचवून ते सफाईने जायचे. म्हशीसारखा प्रसंग पुन्हा आला नाही. माणसं मला म्हणायची, "मॅडम, काय झालं का? झालं का काय?" मी म्हणायचे, नाही झालं. दुपारी बगळे एका पायावर उभे असायचे, इंजिनाचा आवाज माळावर आपटून परत यायचा, आणि मला तो आवाज बंद झालेला बरा वाटायचा.

तो दिवस सकाळपासून कोंदट होता. माल आला, टेम्पो गेला. नामदेव एकटाच पलीकडच्या अंगाला, खोल पाण्यात, अडकलेलं जाळं सोडवायला तराफा घेऊन गेला होता. दुपार कलली तशी पश्चिमेला माळ तांबडा झाला. तात्या सगळ्यांच्या आधी उठले.

"नामदेव कुठाय?"

सखू काठावर मासे वाळत घालत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. "येतील की. तराफा सोडत न्हाईत ते. वारं असलं की पालथं पडून ऱ्हात्यात. कितींदा झालंय."

"तिकडं माणूस हाय आन्‌ इथं गाडी रिकामी उभी हाय."

मी म्हणाले, "तात्या, जायचं नाही. सखू सांगते आहे ते ऐका. तराफा बुडत नाही."

"मी जातो आन्‌ येतो. वाऱ्याच्या आदी."

"मी गाडी सोडत नाही म्हणतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. दोरी ओढली. इंजिन एका ओढीत चालू झालं.

पुढचं नामदेवने सांगितलेलं आहे. त्याने ते पोलिसांना सांगितलं, तात्यांच्या घरी सांगितलं आणि मला सांगितलं, तिन्ही वेळा एकसारखं. वारं तोवर येऊन थडकलं होतं. तो तराफ्यावर पालथा पडून, तोंड खाली करून होता. तराफा लाटेच्या खळग्यात गेला की लांबून दिसत नाही. त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि त्याने मान वर केली, तर बोटीचं वर काढलेलं नाक सरळ त्याच्या अंगावर येत होतं. त्या नाकामुळे तात्यांना पुढचं पाणी दिसत नसावं. नामदेव ओरडला. बोट एकदम बसली. त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली, असं तो म्हणतो.

"तात्यांनी ब्रेक मारला," तो म्हणाला. "मला वाचवलं. मंग मागून पाणी आलं. इंजिन फळीवरनं सुटून आदी गेलं, त्याच्यासंगं ते. मी हात दिला व्हता, मॅडम. त्यांचा हात दांड्यावर व्हता."

जाकीट वर तरंगत राहिलं, पट्टे मोकळे. नामदेवने ते धरून वारं थांबेपर्यंत हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सभासदांनीच तात्यांना बाहेर काढलं. बोट त्याच संध्याकाळी उलटी होऊन काठाला लागली होती. तळातून इंजिन वर काढायला चार माणसं पुरली नाहीत.

त्यांनी नामदेवला वाचवलं, असं गाव म्हणतं. नामदेव तसं म्हणतो आणि त्याला तसं म्हणू द्यावं. मला विचाराल तर, दहाचं इंजिन असतं तर बोटीचं नाक वर आलं नसतं, त्यांना तराफा आधी दिसला असता, मागची कड वर राहिली असती आणि त्यांचा पाय त्यांना पाहिजे तितक्या वेळा दाबता आला असता. वाऱ्याने त्यांना गाठलं असतं, हे खरं. भिजले असते आणि भीतीही वाटली असती. पण परत आले असते. हे मी त्यांच्या मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगू नका." मी सांगितलं नाही.

तात्या मला शेवटचे दिसले ते निघताना. काठ सोडताना त्यांनी आमच्याकडे हात केला. निरोपाचा नव्हे, मागे सरका असा, गाडी वळवताना माणसांना करतात तसा. मग मूठ पिळली. बोटीचं नाक वर आलं आणि त्याच्यापुढे तांबडं आभाळ. मला त्यांची पाठ आणि खाकी शर्टात भरलेला वारा एवढंच दिसत होतं. थोड्या वेळाने तेही दिसेना, धूळ तलावावर उतरली. आवाज मात्र येत राहिला. सखू आणि मी तशाच उभ्या होतो. बोट गेल्यावर किती तरी वेळाने तिची लाट काठाला आली. लांबून, एकामागून एक, शांतपणे. सखूने माशांची टोपली उचलली आणि दोन पावलं वर नेऊन ठेवली.